‘शोले’च्या वाद्यवृंदाचा सातबारा

१५ ऑगस्ट १९७५ रोजी पडद्यावर आलेल्या ‘शोले’ या चित्रपटाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात सलीम-जावेद यांच्या पटकथेची चिकित्सा आहे, अमजद खान यांच्या गब्बरसिंगाची मीमांसा आहे, रमेश सिप्पी यांच्या दिग्दर्शनाचा गौरव आहे, आणीबाणीतील सेन्सॉरने बदलावयास लावलेल्या शेवटाचीही साद्यंत हकीकत आहे. परंतु ज्या शब्दावाचूनच्या संगीतामुळे हा चित्रपट खेड्यापाड्यांतील माणसांच्या कानांत कायमचा वस्तीस आला, त्या राहुलदेव बर्मन यांच्या पार्श्वसंगीताचा विचार मात्र गाण्यांच्या यादीखाली दोन ओळींत उरकला जातो. माझे प्रतिपादन असे की, तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटातून गाण्यांचा वेळ वगळला असता जे संगीत उरते, ती एक स्वतंत्र आणि थोर वाद्यवृंदरचना आहे. तिची स्वरलिपी, तिचे वादक आणि तिचे ध्वनिमिश्रक यांची रीतसर नोंद होणे अगत्याचे आहे. आणि हे काम हाती घेण्यासाठी मुंबईच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे नागपूर जिल्ह्याला काहीएक कारण नाही.

हे संगीत आमच्या मुलखात ज्या वाटेने पोहोचले, ती वाटही ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘शोले’च्या गाण्यांच्या तबकड्या आरंभी अपेक्षेइतक्या खपेनात, तेव्हा पॉलिडोर कंपनीने चित्रपटातील संवादांची तबकडी काढली आणि ती अशी काही खपली की गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या जानवशात, दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगाव भरणाऱ्या मंडईत, जिथे म्हणून विजेची तार पोहोचली होती तिथे तिथे भोंग्यावरून गब्बर बोलू लागला. कन्हानकाठच्या मौद्यापासून रामटेक-भंडाऱ्यापर्यंतच्या धानपट्ट्यात त्या काळी लहानाची मोठी झालेली पिढी ते संवाद आजही अस्खलित म्हणते, आणि त्याचे कौतुकही सर्वत्र होते. परंतु ते संवाद तबकडीवर कोरडे आले नव्हते, त्यांच्यामागे चित्रपटातील पार्श्वसंगीतही आले होते, आणि शब्द पाठ करता करता लोकांनी ते संगीतही नकळत पाठ केले, ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. मौद्याच्या बसथांब्यावर साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाला गब्बरचा प्रवेश करून दाखवण्याची विनंती करावी. तो प्रथम नाकातून आणि घशातून एक लांब, थरथरता, खाली घसरत जाणारा स्वर काढतो, मग कमरेचा पट्टा दगडावरून ओढल्याचा आवाज तोंडाने करतो, आणि त्यानंतरच संवादाला हात घालतो. वास्तविक तो जे करून दाखवतो ते राहुलदेव बर्मन यांच्या रचनेचे सादरीकरण होय. ज्या प्रांतात पाश्चात्य वाद्यवृंदाची मैफल ऐकण्याचा योग सहसा कोणाला येत नाही, त्या प्रांतात एका वाद्यवृंदरचनेचे इतके खोल रुजणे ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील असामान्य घटना आहे.

बर्मन त्या वेळी अवघे छत्तीस वर्षांचे होते. बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर हे त्यांचे तिघे सहायक. पहिले चेलोवादक, दुसरे सॅक्सोफोनवादक, तिसरे तालवाद्यांचे जाणकार. या चौघांच्या हाती कथा आली ती डाकूंची आणि सूडाची, आणि तिचे चित्रण झाले होते बंगळूरनजीकच्या रामनगरच्या उघड्या कातळांत, म्हणजे हिंदी चित्रपटाच्या परिचित पार्श्वभूमीपेक्षा सर्वस्वी वेगळ्या भूमीवर. आरंभीची श्रेयनामावली झळकत असता पोलीस अधिकारी आणि ठाकूरचा नोकर रामलाल घोड्यांवरून त्या खडकाळ मुलखातून रामगढकडे निघतात, तेव्हा गिटारच्या छेडीवर पितळी शिंगाचा जो आर्त आणि रुंद स्वर चढत जातो, त्याने एकही शब्द उच्चारला जाण्यापूर्वी त्या भूमीचे विस्तीर्णपण आणि तिथे दबा धरून बसलेले संकट अशा दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला कळून चुकतात. आणि घोडी वस्तीत शिरताच तीच सुरावट देशी वळण घेऊन घरगुती होते. पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झालेल्या मालगाडीच्या लुटीत वाद्यवृंदाला वाफेच्या इंजिनाशी आणि गोळीबाराशी सामना करावा लागतो, व तो त्याने उत्तम केला आहे. पण त्यात मला विशेष काही शोधावेसे वाटत नाही, कारण इंजिनाच्या गतीला पितळी वाद्यांची गती जोडण्याची रीत जगभर चालत आलेली आहे.

ज्या प्रसंगी बर्मन यांच्या प्रतिभेने खरोखर निराळी वाट धरली, तो प्रसंग बसंतीच्या टांग्याच्या पाठलागाचा. धन्नो घोडी, तिच्यामागे लागलेले डाकू, उधळलेली धूळ आणि कोणत्याही क्षणी निखळेल असे चाक एवढी सामग्री समोर असता दुसऱ्या कोणत्याही संगीतकाराने व्हायोलिनांचा ताफा आणि तुताऱ्यांचा गजर यांचाच आश्रय केला असता. बर्मन यांनी तो सगळा सरंजाम दूर सारला आणि तबला पुढे आणला. तोही कोणा सामान्य वादकाचा नव्हे, तर बनारस घराण्याचे थोर तबलिये पंडित सामता प्रसाद यांचा, ज्यांच्यापाशी बर्मन यांनी स्वतः तबल्याची तालीम घेतली होती. म्हणजे शिष्याने रचलेल्या प्रसंगात गुरूने हात घातला. तो प्रसंग डोळे मिटून ऐकावा. टापांचा ठेका आणि तबल्याचा ठेका आरंभी एकमेकांना समांतर धावतात, आणि डग्ग्याचा घुमारा जिथे पडतो तिथे घोडीच्या खुराचा आवाज पडल्याचा भास होतो. मग हळूहळू तबला टापांना मागे टाकतो, बोल इतके दाट होत जातात की मैफलीतल्या रेल्याची आठवण व्हावी, आणि घोडीची दमछाक, टांग्याचे हेलकावे, बसंतीच्या हातातला चाबूक हे सर्व त्या दोन पुड्यांवर उमटू लागते. तबला इथे गाण्याची साथ करीत नाही, नृत्याची साथ करीत नाही. तो एकटाच कथा सांगतो. हिंदुस्थानी मैफलीत एकल तबलावादनाची जी शतकानुशतकांची परंपरा आहे, तिला साहसपटाच्या मध्यभागी आणून बसवण्याचे हे धाडस होते, आणि लक्षावधी प्रेक्षकांनी, ज्यांतील बहुतेकांनी एकल तबल्याची मैफल कधी ऐकली नव्हती, ते श्वास रोखून ऐकले. नागपूरच्या संगीत महाविद्यालयांतून तबला शिकणाऱ्या मुलांना हा पाठलाग कायद्या-रेल्यांच्या बरोबरीने शिकवला जात नसेल, तर तो शिकवला गेला पाहिजे असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. सांजवेळी हवेलीच्या सज्जात विधवा राधा एकेक दिवा मंद करीत जाते आणि समोरच्या पायरीवर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. पडद्यावर तो अमिताभ बच्चन यांच्या ओठांशी आहे. प्रत्यक्षात वाजवला भानु गुप्त यांनी. स्वतः बर्मन हे या वाद्याचे नाणावलेले वादक होते, आणि ‘दोस्ती’ या चित्रपटासाठी त्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या मित्रांखातर ते वाजवलेही होते. त्यामुळे या लहानशा वाद्यात किती करुणा मावू शकते याचा अदमास त्यांना पुरता होता. या ठिकाणी आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्जिओ लिओने यांच्या १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या चित्रपटात नायक माउथ ऑर्गन वाजवतो, संगीत एन्नियो मॉरिकोने यांचे आहे, आणि त्याच चित्रपटात एका कुटुंबाच्या निर्घृण हत्येचाही प्रसंग आहे. तेव्हा ‘शोले’ने हे सर्व तिकडून उचलले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ऋण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मॉरिकोने यांच्या रचनेत तो माउथ ऑर्गन सूडाची द्वाही फिरवतो, त्याचा कर्कश स्वर हाच शत्रूला दिलेला इशारा असतो; बर्मन यांनी तेच वाद्य घेऊन त्याला उच्चारता न येणाऱ्या प्रेमाची भाषा दिली. मारामारीच्या चित्रपटात, जिथे हाणामारीच्या प्रत्येक क्षणी वाद्यवृंद कडाडतो, तिथे सर्वांत स्मरणीय सुरावट एका मुक्या संबंधाच्या वाट्यास यावी, हा निर्णय मॉरिकोने यांचा नव्हे. त्या काळच्या हिंदू घरातील विधवेपाशी बोलण्याची सोय नसलेल्या तरुणाने दुसरे काय करावे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि ते आपल्याच समाजातून आलेले आहे.

आणि संगीत कुठे थांबवावे, हे कळणे हाही संगीतकाराच्या अधिकाराचाच भाग मानला पाहिजे. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात वाद्यवृंद मागे सरतो आणि ऐकू येते ती झोपाळ्याच्या कड्यांची करकर. लहान मुलासमोर बंदूक रोखली जाते, बार होतो, आणि दृश्य तुटते ते थेट आगगाडीच्या आवाजात, जी बिचाऱ्या ठाकूरला घरी घेऊन येत असते. इथे दोन मराठी नावे आदराने घेतली पाहिजेत. एक संकलक एम. एस. शिंदे, ज्यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि त्या वर्षी ‘शोले’च्या वाट्याला आलेले ते एकमेव फिल्मफेअर होय, आणि दुसरे ध्वनिमिश्रक मंगेश देसाई, ज्यांनी परळच्या राजकमल कलामंदिरात या चित्रपटाचे संवाद, ध्वनिपरिणाम आणि संगीत यांची जुळणी केली. देसाई यांच्या कानाची महती अशी की सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शक आपल्या चित्रपटांच्या मिश्रणासाठी कलकत्त्याहून त्यांच्यापाशी येत असे. कड्यांची करकर किती मोठी असावी, वाऱ्याचा आवाज कुठे लुप्त व्हावा, माउथ ऑर्गन सज्जापासून किती अंतरावर ऐकू यावा, हे सर्व त्यांच्या बोटांनी ठरवले; आणि म्हणून ‘शोले’च्या संगीताचा कर्ता कोण, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यांचे नाव घेतल्यावाचून देता येत नाही. आणखी एक गोष्ट अभिमानाने नोंदवावीशी वाटते. १९४२ साली व्ही. शांताराम यांनी ज्या जागेत राजकमल उभे केले, ती परळची जागा पूर्वी वाडिया मूव्हिटोनची होती, म्हणजे १९३५च्या ‘हंटरवाली’ची आणि निडर नाडियाच्या साहसपटांची; भारतीय साहसपटाने जिथे बाळसे धरले, त्याच वास्तूत चाळीस वर्षांनी त्याच्या सर्वोत्तम नमुन्याचा ध्वनी सिद्ध झाला.

आता हे संगीत तयार कसे होत असे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण माझ्या तक्रारीचे मूळ त्या रीतीत आहे. संकलन पुरे झाले म्हणजे चित्रपट एकेक रीळ करून, म्हणजे सुमारे दहा-अकरा मिनिटांच्या तुकड्यांत, ध्वनिमुद्रणगृहातील पडद्यावर दाखवला जाई. संगीतकार कुठे सूर हवा आणि कुठे नको याच्या खुणा करी. संयोजक त्या खुणांवरून प्रत्येक वाद्यासाठी पाश्चात्य स्वरलिपीत वेगवेगळे कागद लिहून काढी. आणि वादक ते कागद पुढे ठेवून, समोर पडद्यावर चाललेल्या दृश्याशी ताल जुळवीत, एकत्र वाजवीत. शिफ्ट संपली की वादकाला मेहनताना मिळे, आणि कागद तिथेच राहत. हे कागद लिहिणारे आणि वाजवणारे पुष्कळसे गोमंतकीय ख्रिस्ती होते, ज्यांना चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळालेले होते. त्यांच्याबरोबर पारशी होते, मराठी होते, बंगाली होते, नेपाळी होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातील अग्रणी. प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले, आणि १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा भारतीय वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासह मैफल केली. शिष्याने गुरूचे नाव १९७७च्या एका गाण्यात घातले, ते गाणे देशभर गाजले, आणि तरीही हे नाव धारण करणारा एक खराखुरा माणूस होता व तो २०१२पर्यंत गोव्यात हयात होता, याची गंधवार्ता ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आहे.

मौद्याच्या तहसील कचेरीत धानाच्या बांधीचा धुरा हातभर सरकला तर त्याची वर्दी पटवाऱ्यापर्यंत जाते, मोजणीचा अर्ज होतो, पंचनामा होतो, फेरफार पडतो, आणि कोणती बांधी कोणाच्या वहिवाटीत आहे हे सातबाऱ्यावर कायम होते. त्या उताऱ्यात चुका असतील, विलंब असेल, पण नोंद घेतलीच पाहिजे हे तत्त्व मालगुजारीच्या काळापासून कोणी नाकारलेले नाही. ‘शोले’च्या वाद्यवृंदाला हा उतारा नाही. श्रेयनामावलीत संगीतकार आहे, पण शिंग कोणी वाजवले, व्हायोलिने कोणाची होती, ते कागद कोणाच्या हस्ताक्षरातले होते, यांचा पत्ता प्रेक्षकाला लागत नाही. कायद्यानेही या मंडळींना दीर्घकाळ वाऱ्यावर सोडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या दाव्यात असा फैसला दिला की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचे स्वामित्व, उलट करार नसल्यास, निर्मात्याकडे राहते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालास जोडलेल्या टिपणात, गायकासारख्या कलावंताला आपल्या कलेवर हक्क नसावा या कायद्याच्या स्थितीविषयी उघड खेद व्यक्त केला, पण खेदाने कोणाच्या नावावर काही चढत नाही. कलावंताच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली १९९४च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी वापराच्या मानधनातील वाट्याचा हक्क मिळाला २०१२च्या दुरुस्तीने. ‘शोले’चे वादक तोवर वृद्ध झाले होते किंवा निवर्तले होते. पारितोषिकांची कथाही याहून निराळी नाही. १९७६च्या फिल्मफेअरमध्ये संगीताचे पारितोषिक ‘ज्युली’साठी राजेश रोशन यांना गेले, आणि ‘ज्युली’ची गाणी गोड होतीच; परंतु पार्श्वसंगीत तोलण्यासाठी त्या वेळी वेगळे परडेच नव्हते. ते फिल्मफेअरने १९९८ साली उपलब्ध करून दिले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत २००९च्या चित्रपटांपासून नियमाने येऊ लागले. राहुलदेव बर्मन ४ जानेवारी १९९४ रोजी गेले.

काही रसिक असे म्हणतात की पार्श्वसंगीत ऐकू न येणे यातच त्याची सार्थकता आहे, ते दृश्याचे सेवक आहे, आणि सेवकाला सिंहासनावर बसवण्याचा हट्ट अप्रस्तुत होय. पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. दुसरे मला मान्य नाही. कालिदासाच्या नाटकातील श्लोकही रंगभूमीवरील प्रसंगाच्या सेवेतच जन्मास आला, आणि म्हणून रामटेकच्या टेकडीवर त्या कवीचे स्मारक उभारताना कोणी आडकाठी केली नाही. जी रचना दृश्यापासून अलग करून ऐकली असताही कानाला धरून ठेवते, तिची स्वतंत्र सत्ता मान्य करावी लागते. आणि आमच्याकडचा लग्नाचा बँड, जो पडदा नसताना, कथा नसताना, वरातीच्या वाटेवर ‘शोले’ची सुरावट वाजवतो, त्याने हा निवाडा केव्हाच करून टाकलेला आहे. या बँडवाल्यांवर आणि मुंबईच्या चित्रपट-वादकांवर सविस्तर ग्रंथ लिहिले ते न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या ग्रेगरी बूथ यांनी, एक २००५ साली आणि दुसरा २००८ साली, मुंबईत येऊन, वादकांच्या घरी बसून, त्यांच्या तोंडून हकीकती टिपून. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण हे काम सातासमुद्रांपलीकडच्या प्राध्यापकाने करावे आणि आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांनी त्याचे मराठी भाषांतरही करू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

कागद हरवले असता सर्व संपले, असेही मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील एमजीएम या बलाढ्य कंपनीने आपल्या संगीतग्रंथालयातील वाद्यवृंदाच्या संहिता १९७०च्या सुमारास जमिनीच्या भरावात टाकून दिल्या. जॉन विल्सन या इंग्रज संगीतनिर्देशकाने जुने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, हाती आलेल्या त्रोटक टाचणांच्या आधारे, वर्षानुवर्षे खपून त्या पुन्हा लिहून काढल्या, आणि २००९ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात त्या आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. म्हणजे कान तयार असेल आणि चिकाटी असेल तर हे होऊ शकते. ‘शोले’च्या बाबतीत तर परिस्थिती अधिक अनुकूल आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने या चित्रपटाचे जे जीर्णोद्धारकार्य केले, आणि जी प्रत जून २०२५मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह दाखवली गेली, तिच्यासाठी मूळ ध्वनीची निगेटिव्ह आणि चुंबकीय ध्वनिपट्टी हाताशी होती. चित्र स्वच्छ झाले, ध्वनी स्वच्छ झाला, याबद्दल त्या संस्थेचे अभिनंदन करावेच; आता त्या स्वच्छ ध्वनीवरून वाद्यवृंदाची संहिता उतरवून घेण्याचे आणि वादकांची नावे निश्चित करण्याचे काम उरले आहे, आणि त्या पिढीतील जे थोडे वादक हयात आहेत त्यांची साक्ष घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.

म्हणून माझी सूचना नागपूरपुरती आणि नेमकी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संगीत विभागाने, निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन, तीन तुकडे स्वरलिपीत उतरवण्याचा प्रकल्प हाती घ्यावा: शीर्षकसंगीत, टांग्याचा पाठलाग आणि दिव्यांच्या प्रसंगातील माउथ ऑर्गन. टांग्यासाठी शहरातील तबलिये पुरेसे आहेत, आणि त्यांच्यापैकी जो कोणी हे काम पत्करील त्याने आधी सामता प्रसाद यांची मैफलीतील ध्वनिमुद्रणे ऐकावीत, म्हणजे पडद्यावरचा तबला कोणत्या विद्येतून आला हे कळेल. शीर्षकसंगीताच्या पितळी वाद्यांसाठी कामठीच्या छावणीकडे विनंती करावी, कारण गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तिथे आहे आणि स्वरलिपी वाचून वाजवणारे शिस्तबद्ध वादक लष्करी बँडांतच मिळतात. व्हायोलिनांची उणीव मुंबईहून चार वादक बोलावून भरून काढता येईल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरातच आहे. मैफल त्याने भरवावी, रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात भरवावी, आणि तिचे निमंत्रण मौदा, रामटेक, कामठी, उमरेड इथल्या बँडमास्तरांना नावानिशी जावे, कारण त्यांच्या जुन्या वह्यांत चित्रपटसंगीताची जी टिपणे आहेत तीही या दफ्तरात रुजू करून घ्यावयाची आहेत. कार्यक्रमपत्रिकेवर राहुलदेव बर्मन यांच्या नावाबरोबर चक्रवर्ती, सिंग, कीर, सामता प्रसाद, भानु गुप्त, मंगेश देसाई आणि शिंदे ही नावे छापावीत, आणि संशोधनात आणखी जी नावे सिद्ध होतील ती सिप्पी फिल्म्सला लेखी कळवून नव्या प्रतीच्या शेवटी जोडण्याची मागणी करावी. खर्च मोठा नाही. अंदाजपत्रक, मंजुरी आणि तरतूद यांचे सोपस्कार मार्चअखेरपूर्वी उरकले तर पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या हाती ध्वनिमुद्रण आणि कोरे कागद देता येतील.